बोरजळीची नीळ

बोरजळी गावात कपड्यांना कसर लागत नसे. आसपासच्या गावांतल्या बायकांना याचा मोठा हेवा वाटायचा, पण बोरजळीत सून म्हणून यायला त्यातली एकही तयार नसायची. कारण जे कसरीला मारत होतं तेच गावच्या पाण्यातही होतं. चहाला डांबरगोळीचा वास, वरणाला डांबरगोळीचा वास. बोरजळीचा माणूस न्हाऊनधुऊन लग्नाला गेला, की शेजारी बसलेला पाहुणा हळूच विचारायचा, "कोट आजच पेटीतनं काढला वाटतं?"

गावाच्या वरच्या अंगाला पूर्वी डांबरगोळ्यांचा कारखाना होता. एक दिवस मालक त्याला कुलूप लावून गेला तो गेलाच, आणि मागे पांढऱ्या भुकटीचा ढीग राहिला. ती भुकटी दर पावसाळ्यात ओढ्यात उतरली आणि ओढ्यातून विहिरीत. लोक कुरकुरले, अर्ज झाले, पुढाऱ्यांनी नाकाला रुमाल लावून पाहणी केली. मग गावाला सवय झाली. सवय झाली की तक्रार करायलाही माणसाला जड जातं.

सरपंच सोपानराव वाबळे यांनाही सवय झाली होती. ती मोडली २०३८ सालच्या पौषात. त्यांची एकुलती एक लेक ऋतुजा पुण्याला दिलेली, तिला पाचवा महिना लागला. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, यात बोलण्यासारखं काही नव्हतंच. सोपानरावांनी माळ्यावरचा पाळणा काढून पुसला, त्याच्या कड्यांना तेल घातलं आणि आढ्याला टांगून स्वतःच्या हाताने दोनदा झुलवूनही पाहिला. आणि त्याच संध्याकाळी ऋतुजाचा फोन आला.

"आप्पा, डॉक्टर नको म्हणतायत. त्या डांबरगोळीनं नवीन जन्मलेल्या बाळाच्या रक्तातल्या पेशी फुटू शकतात, कावीळ होते. पाणी साफ झालं तर येईन मी. नाही तर आईलाच इकडं पाठवा."

सोपानराव त्या दिवशी जेवले नाहीत. रिकामा पाळणा डोक्यावर आणि पुढ्यात भाकरी, असं त्यांना जेवताच येईना.

त्यांनी विद्यापीठात खेटे घातले आणि तिथून एक जीप घेऊन आले. जीपमध्ये चार पिंपं होती आणि डॉक्टर रेहाना मुलाणी होत्या. वय पस्तिशीच्या आत, डोक्यावर उन्हाची टोपी आणि बोलणं असं, की समोरच्याने आपोआप सावरून बसावं.

ग्रामसभा भरली. मॅडमनी फळ्यावर एकमेकीला चिकटलेल्या दोन कड्या काढल्या.

"हे नॅप्थलीन. तुमची डांबरगोळी. कार्बनच्या दोन कड्या, एक बाजू सामायिक. भलती घट्ट. म्हणून तर वीस वर्षं पाण्यात पडून ती जशीच्या तशी आहे. माझ्या पिंपात जे जिवाणू आहेत त्यांच्याकडे एक विकर आहे, म्हणजे एन्झाइम. पेशीतला कारागीर म्हणा. त्याचं नाव नॅप्थलीन डायऑक्सिजनेज. तो काय करतो, तर हवेतला ऑक्सिजन घेतो, तुम्ही-आम्ही श्वासात घेतो तोच. त्याच्या रेणूत दोन अणू असतात. ते दोन्ही उचलून तो कडीच्या दोन शेजारच्या कोपऱ्यांवर नेऊन बसवतो. बस्स, तिथं कडी कच्ची पडते. मग बाकीची विकरं येतात, कडी फोडतात, आणि जिवाणू ती खाऊन टाकतात. शेवटी उरतं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड."

"आन डांबरगोळी सपल्याव?" माजी सरपंच गजाभाऊ टकले यांनी विचारलं. सोपानरावांच्या प्रत्येक कामात शंका काढणं हे ते आपलं कर्तव्य समजत. "मग आमची पिकं खातील का काय?"

"उपाशी मरतील. दुसरं काही खाता येऊ नये अशीच सोय केलीय त्यांची. चाळीस दिवस द्या. फक्त ब्लीचिंग पावडर कुठेही टाकायची नाही, त्यानं माझं सगळं दळ मरेल." मॅडमनी खडू ठेवला. "आणि एक सांगा. कारखान्यातली भुकटी ओढ्याशिवाय आणखी कुठे आहे का? कुणी नेली, कुठे टाकली, असं काही?"

सभेतल्या माना खाली गेल्या. गजाभाऊ छताकडे पाहू लागले. एकाला खोकला आला. सोपानरावांनी टोपी काढली, झटकली आणि परत घातली.

"नाय, नाय," ते म्हणाले. "जे हाये ते वढ्यातच."

हे साफ खोटं होतं. कारखाना बंद पडल्यावर अख्ख्या गावाने फुकटची भुकटी पोत्यांनी घरी वाहून नेली होती. तिच्या वासाने साप येत नाहीत, असा गावाचा पक्का समज होता. आता साप कुठे नको असतो? जिथे माणूस पहाटेच्या अंधारात, खाली पाहायची सोय नसताना, बराच वेळ उकिडवा बसतो तिथे. म्हणून प्रत्येकाने आपापल्या बांधाआडच्या आपापल्या जागेभोवती ती भुकटी शिंपडली होती आणि दर वर्षी शिंपडत होता. भुकटीचा पत्ता सांगायचा म्हणजे जागेचा पत्ता सांगायचा. आणि बोरजळी तर कागदोपत्री अठरा वर्षं हागणदारीमुक्त होती. वेशीवर तसा फलक होता. फलकावर सोपानरावांचं चित्र होतं, एका हाताने शौचालयाचं दार दाखवणारं.

सोपानरावांची स्वतःची जागा मळ्यातल्या बाभळीमागे होती.

ही गोष्ट जगात एकट्या सोपानरावांना ठाऊक होती. त्यांच्या बायकोला, कौसाबाईंना तर मुळीच नाही. वीस वर्षांपूर्वी कौसाबाई बांधाआड गेल्या असताना फुरसं चावलं होतं. बऱ्या झाल्यावर त्या सरळ माहेरी गेल्या आणि निरोप पाठवला, की घरात संडास होईल त्या दिवशी येईन. सोपानरावांनी अकरा दिवसांत तो बांधला. गावातला पहिला. मग कौसाबाईंनी दारोदार फिरून बायांना उठवलं, बायांनी पुरुषांना धारेवर धरलं, आणि दोन वर्षांत गावात घरटी संडास झाला. सोपानराव सरपंच झाले तेच मुळी त्या पुण्याईवर.

फक्त त्यांना स्वतःला त्या खोलीत काही जमेना. दार लागलं, की छाती दडपून जायची, कानात घूं घूं व्हायचं आणि बाकीचं सगळं जागच्या जागी थांबायचं. पहिल्या आठवड्यातच ते गुपचूप बाभळीकडे गेले. कौसाबाईंना सांगितलं, डॉक्टरांनी साखरेसाठी पहाटे चालायला सांगितलंय. तेव्हा त्यांना साखर नव्हती. पुढे खरोखरच झाली, तेव्हा त्यांना जरा हायसं वाटलं.

माघात ओढ्यावर फवारणी झाली. गड्यांनी द्राक्षाला मारायच्या पंपांनी कारखान्यातला उरलासुरला ढीग, काठ, डोह, विहिरीचा पाझर, सगळं भिजवलं. आठवड्यात वास उतरला. बाराव्या दिवशी कौसाबाईंनी चहाचा घोट घेतला आणि कप खाली ठेवून म्हणाल्या, "अवो, ह्यात आलं हाये." आलं त्या तीस वर्षं घालत होत्या.

त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्या हातात ओलं फडकं घेऊन मॅडमकडे गेल्या. मागोमाग सोपानरावही होते. फडक्यात आदल्या रात्री विहिरीच्या पाण्यात भिजवून ठेवलेला मोगऱ्याचा गजरा होता. आता फडकं निळं होतं आणि मोगराही निळा होता.

मॅडमनी कळी चुरगळली, बोटाला लागलेला रंग पाहिला आणि लहान मुलीसारख्या हसत सुटल्या.

"हे माझ्या लक्षात यायला हवं होतं! कौसाबाई, मोगऱ्याच्या वासात इंडोल नावाचं रसायन असतं. त्याच्याही दोन कड्या चिकटलेल्या, दिसायला नॅप्थलीनच्या चुलत भावासारखी. आमचा कारागीर फसतो. तो इंडोलवरही ऑक्सिजनचे दोन अणू बसवतो. पण ते काही टिकत नाही. त्यातून पाण्याचा एक रेणू गळून पडतो आणि जे उरतं ते हवा लागताच दोघा-दोघांत जुळतं. आणि तयार होते नीळ. जीनच्या पँटीचा निळा रंग असतो ना, अगदी तोच."

"तुमी तर म्हनला व्हता, ते दुसरं काय खात नाय," सोपानराव म्हणाले.

"खात नाहीत म्हणाले होते. हात लावत नाहीत असं नव्हते म्हणाले."

"आन हे इंडोल," कौसाबाईंनी विचारलं, "निस्तं मोगऱ्यातच असतं का?"

मॅडमनी जरा घसा साफ केला. "नाही. मोगऱ्यात अगदी थोडं, म्हणून तो सुगंध. जास्त असलं की... म्हणजे, माणसाच्या विष्ठेला जो वास येतो ना, त्यातही तेच असतं. भरपूर."

सोपानरावांना अचानक आठवलं, की मळ्याला पाणी ओढ्यातूनच जातं, बाटलीत आपण पाणी नेतो ते विहिरीचं, आणि बाभळीमागे भुकटी आहे पायलीभर. म्हणजे जिवाणूंना तिथे जेवण होतं, पाणी होतं, हवा होती. आणि चौथी गोष्ट ते स्वतः रोज सकाळी नेऊन देत होते.

"संडासाच्या खड्ड्यात पन निळं व्हनार का?" त्यांनी शक्य तितक्या सहज विचारलं.

"छे! तिथं ना नॅप्थलीन, ना हवा. ज्यांच्या घरी संडास आहे त्यांना कसली भीती?"

"तेच म्हन्तो मी," सोपानराव म्हणाले आणि लगबगीने मळ्याकडे निघाले.

बाभळीमागचा तो नजारा वर्णन करण्यासारखा नव्हता. पंधरवड्याची हजेरी तिथे निळ्या रंगात लागली होती. कुणी हाताने मांडल्यासारखी एकेक दिवसाची वेगळी. सोपानरावांनी खोऱ्याने माती ओढली, पाला टाकला आणि घरी आले. मागे वळून पाहिलं तर अंगणापासून ओटीपर्यंत शहाबादी फरशीवर त्यांच्या चपलांचे निळे ठसे उमटले होते. कौसाबाई हातात फडकं घेऊन उभ्या होत्या.

"शाई सांडली पंचायतीत," सोपानराव म्हणाले.

कौसाबाईंनी ठशांकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं. "शाईचं पेन हाये व्हय अजून पंचायतीत?" एवढंच बोलून त्या फरशी पुसायला बसल्या. रंग निघाला नाही.

गावात असे निळे ठसे आणखी बऱ्याच ओट्यांवर दिसू लागले. सगळ्यांच्याच घरी शाई सांडली होती.

तेविसाव्या दिवशी दुपारी गजाभाऊ पिठाच्या गिरणीमागे दहा-बारा माणसं घेऊन आले. एरवी सोपानरावांशी वाकडं असलेला माणूस आज अगदी सख्ख्या भावासारखा शेजारी बसला.

"सोपाना, परवा जिल्ह्याची समिती येतीय. फेरतपासनी. औंदा ड्रोन उडवनार हायेत. वरनं सगळे ठिपके दिसतील. कोनाचं वावर, कोनाचा बांध, समदं."

"माती टाका ना."

"टाकली. मातीतनं वर येतंय निळं. एकच इलाज, ब्लीचिंग. पंचायतीत चाळीस पोती पडल्यात. किल्ली तुझ्याकडं. आज समद्या बांधांवर टाकू, सपला इषय."

"आन ती वाहून वढ्यात गेली म्हंजी? म्याडमचं समदं मरंल. वास परत यील."

"वासाला काय, वीस वर्सं काढली तशी अजून काढू. फलक गेला तर तुझं थोबाड कुठं दाखवशील? वेशीवर फोटू तुझा हाये, माझा नाय."

सोपानराव उठले. ते किल्ली मुठीत घेऊन पंचायतीत गेले. तिथे मॅडम कपाळाला हात लावून बसल्या होत्या. समोर पाण्याच्या नमुन्यांच्या बाटल्या होत्या.

"सरपंच, पाणी उतरेना. आठवडा झाला, नॅप्थलीनचा आकडा आहे तिथंच. कुठून तरी ते अजून ओढ्यात झिरपतंय. ती जागा सापडेना तोवर चाळीस काय, चारशे दिवस दिले तरी उपयोग नाही. आणि आता उन्हाळ्यात ओढ्याचं पाणी आटलं, की माझे जिवाणूही संपले." त्यांनी वर पाहिलं. "तुमची मुलगी यायची होती ना?"

"व्हय. पुढल्या म्हैन्यात."

सोपानराव बाहेर आले. खिशात किल्ली होती, घरात रिकामा पाळणा होता, आणि दोन्हीच्या मधोमध कौसाबाई होत्या. गाव हसलं असतं तर ते सोसलं असतं. पण माहेरून परत येताना उंबऱ्यात थांबून, आधी संडासाचं दार उघडून पाहून, मग घरात पाऊल टाकणारी ती तरुण कौसा त्यांना आठवली. ते घरी जाईनात. ओढ्याच्या पुलावर जाऊन बसले आणि दिवस मावळेपर्यंत तिथेच राहिले. उठताना त्यांनी किल्ली ओढ्यात टाकली. आपल्यावरच त्यांचा भरवसा नव्हता.

समिती आली. तिघं अधिकारी, एक ड्रोन. पंचायतीसमोर मांडव पडला होता, बाया नटून आल्या होत्या. कौसाबाई ओवाळणीचं ताट घेऊन पुढे होत्या. त्यांच्या केसात गजरा मात्र नव्हता. समितीच्या प्रमुख बाईंनी स्वयंघोषणापत्र पुढे सरकवलं.

"सरपंच, नेहमीचंच आहे. 'गावातील एकही व्यक्ती उघड्यावर शौचास जात नाही.' इथं सही करा, मग ड्रोन उडवू."

सोपानरावांनी पेन उचललं. गर्दीत गजाभाऊंनी डोळे मिटून घेतले. सोपानरावांनी पेन परत खाली ठेवलं.

"म्याडम," ते मुलाणी मॅडमकडे वळून म्हणाले, "तुमचं पानी का उतरंना ते मी दावतो. चला माझ्यासंगं."

मिरवणूक निघावी तसं सगळं गाव त्यांच्या मागे निघालं. बाभळीपाशी सोपानराव थांबले आणि पायाने माती बाजूला सारली.

"हितं पायलीभर भुकटी हाये. सापासाठी टाकलेली. वीस वर्सं दर साली टाकतोय, दर पावसाळ्यात ती वाहून वढ्यात जातीय." त्यांनी बोट खाली दाखवलं. "आन हे निळं हाये ते माझं हाये. फलकावरच्या मानसाचं."

मागून कुणीतरी फिसकन हसलं. समितीच्या बाईंनी नाकाला पदर लावला आणि टिपण घेतलं. सोपानराव फक्त एकाच चेहऱ्याकडे पाहत होते. कौसाबाईंनी त्या निळ्या रांगेकडे पाहिलं, विझलेलं निरांजन ताटात आडवं केलं आणि घराकडे वळल्या.

ड्रोन उडाला. पडद्यावर हिरव्या-करड्या बांधांवर एकूण त्रेचाळीस निळे ठिपके आले. गजाभाऊंच्या उसाकडेला तर चांगलं तळंच दिसत होतं.

"कुत्री असत्यात तिथं," गजाभाऊ म्हणाले.

"कुत्री शेजारी पाण्याची बाटली ठेवतात का?" मुलाणी मॅडमनी पडद्यावर बोट ठेवलं. त्यांना बाकी कशाशी देणंघेणं नव्हतं. त्या आनंदाने एकेक ठिपका नकाशावर मांडत होत्या. प्रत्येक ठिपका म्हणजे भुकटीचा एक साठा. महिनाभर शोधून जे सापडलं नसतं ते गावाने निळ्या शाईत लिहून दिलं होतं. त्याच दिवसापासून फवारे ओढ्यावरून बांधांवर गेले, आणि घरोघरची उरलेली पोतीही त्यांच्याखाली आली.

वेशीवरचा फलक उतरवला गेला. उतरवण्यापूर्वी कुणीतरी चित्रातल्या सोपानरावांना निळ्या मिशा काढल्या होत्या. कौसाबाईंनी घरात अबोला धरला. जेवण वेळेवर मिळे, पण ताट सरकवल्याचा आवाज मोठा येई. चौदा दिवस असे गेले. पंधराव्या दिवशी सोपानराव चुलीपाशी येऊन बसले.

"कौसा, बोल की काय तरी. शिव्या दे."

कौसाबाईंनी भाकरी उलथली. "का गेलात पन? मी फुरशाच्या तोंडातनं आलेली. तुमास्नी भ्या नाय वाटलं?"

"भुईच्या सापाचं न्हाई वाटत. दाराचं वाटतं." सोपानराव खाली मान घालून बोलत राहिले. हे त्यांनी आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं. "ल्हानपनी भावांनी मला धान्याच्या कनगीत कोंडलं व्हतं. खेळता खेळता. आन इसरून जत्रेला गेले. संध्याकाळी काढलं मला. तवापासनं दार लागलं की कनगीच दिसती."

तव्यावरची भाकरी करपली. कौसाबाईंचं लक्षच नव्हतं.

"वीस वर्सं," शेवटी त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते आणि आवाजात राग तसाच होता. "वीस वर्सं खोटं बोललात, तंगडतोड केलीत, साखर लावून घेतली. एक खिडकी मागता आली नाय मला?"

सोपानरावांनी करपलेली भाकरी उतरवली. खिडकीची गोष्ट त्यांना वीस वर्षांत खरोखरच सुचली नव्हती.

दुसऱ्या दिवशी गवंडी आला. संडासाच्या मळ्याकडच्या भिंतीला, बसल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, हात-दीड हात लांबीची खिडकी पडली. कौसाबाई स्वतः उभं राहून उंची सांगत होत्या.

आणखी महिन्याभराने मुलाणी मॅडमनी शेवटची परीक्षा घेतली. यंत्रातला आकडा शून्य दाखवत होता, पण कौसाबाईंचा यंत्रावर विश्वास नव्हता. त्यांनी विहिरीच्या पाण्यात फडकं भिजवलं आणि मोगऱ्याचा गजरा त्यात गुंडाळून ठेवला. सकाळी अख्खी आळी बघायला जमली. कौसाबाईंनी फडकं उलगडलं. मोगरा पांढरा होता. भुकटी संपली होती आणि तिच्यावर जगणारे जिवाणूही संपले होते. कौसाबाईंनी तो गजरा तिथल्या तिथे केसांत माळला आणि ऋतुजाला फोन लावला.

ऋतुजा आली तेव्हा आठवा महिना सरत आला होता. जावयाने सामान उतरवलं. कौसाबाईंनी लेकीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि तिला पाण्याचा तांब्या दिला. ऋतुजाने आधी वास घेतला, मग घटाघट पाणी प्यायली.

"आई, ह्याला कसलाच वास नाही गं!" ती म्हणाली आणि पाळण्याच्या दोरीला हात लावून इकडेतिकडे पाहू लागली. "आप्पा कुठंयत? अजून त्यांचं ते पहाटेचं चालणं सुरूच आहे का?"

परसदारी बादली भसकन ओतल्याचा आवाज आला.

"नाय गं," कौसाबाई गजरा सारखा करत म्हणाल्या. "तुझे आप्पा घरातच हायेत."